पन्ह्याचा पेला

वैशाखातील दिवस होता. गावाच्या वेशीजवळ एका नव्या घराचा स्लॅब पडावयाचा होता. सकाळी सात वाजता नारळ फुटला, मिक्सरचे इंजिन धडधडू लागले आणि परांचीवर माणसांची रांग उभी राहिली. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी मिक्सरच्या पोटात जाई, राखी रंगाचा ओला माल बाहेर पडे आणि घमेल्याघमेल्याने हातोहात वर चढे. वर मिस्त्री उभा होता. सळ्यांच्या जाळीवर माल पडला, की तो पसरून, ठोकून, लाकडी पट्टीने सारखा करीत तो एकेक पाऊल मागे सरकत होता. स्लॅबचे काम एकदा सुरू झाले, म्हणजे ते पुरे होईपर्यंत थांबवीत नाहीत. माणसे पाळीपाळीने चार घास खातात. पण रांग तुटू देत नाहीत.

बाराच्या सुमारास मात्र ती तुटली. मिक्सरचा पट्टाच तुटला होता. दुसरा पट्टा आणावयास एक माणूस मोटारसायकलवरून तालुक्याला धावला. बाकीची मंडळी सावलीला टेकली. मिस्त्री तेवढा उन्हातच राहिला. जेथवर माल पडला होता, त्या कडेवर त्याने ओली पोती पसरली. दर दोन-तीन मिनिटांनी तो पोते उचली आणि कडेच्या मालात बोट खुपसून पाही. बोट सहज आत गेले, की पोते पुन्हा टाकी आणि रस्त्याकडे बघत बसे. पाऊण तासाने पट्टा आला, इंजिन पुन्हा धडधडले, तेव्हा कोठे त्याने कपाळावरचा घाम पुसला.

दोनच्या सुमारास घरातील धाकटा मुलगा तबकात पन्ह्याचे पेले घेऊन आला. कैरीचे, गूळ घातलेले, माठातल्या पाण्याचे पन्हे! रांगेतल्या सर्वांचे डोळे त्या तबकाकडे वळले. परंतु मुलाचा पाय खडीवरून घसरला आणि काठोकाठ भरलेला एक पेला नुकत्याच भरलेल्या घमेल्यात उपडा झाला. रांगेतली बाई हसली आणि घमेले उचलू लागली. तोच वरून मिस्त्रीचा आवाज आला, "थांबा! ते घमेलं वर आणू नका. लांब नेऊन ओता ते."

मुलाचे आजोबा जवळच खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "अहो मिस्त्री, पेलाभर पन्ह्यानं असं काय बिघडणार आहे? आमच्या जुन्या वाड्याच्या चुन्यात तर मुद्दाम गूळ कालवीत."

"तो चुना होता, आबा. हे सिमेंट आहे. यात गूळ गेला, की हे धरायचंच नाही."

घमेले लिंबाच्या झाडाखाली रिते झाले आणि काम पुढे चालू राहिले. मुलगा मात्र त्या लहानशा ढिगाकडे पाहत उभा होता. मिस्त्रीचे वागणे त्याला विचित्र वाटले. माल लवकर धरेल या भीतीने ज्याने दोन तासांपूर्वी देव पाण्यात घातले होते, तोच आता माल धरणार नाही म्हणून ओरडत होता. त्याला नेमके हवे तरी काय होते?

मिस्त्रीच्या या दोन्ही भीती खऱ्या होत्या. त्या कळण्यासाठी ओल्या मालाच्या पोटात काय चालते, ते पाहावयास हवे.

पुष्कळ लोकांची अशी समजूत असते, की सिमेंट वाळते आणि वाळले म्हणून कठीण होते. अंगणातला चिखल उन्हाने वाळून टणक होतो, त्यावरून ही समजूत झाली असावी. परंतु ती चुकीची आहे. स्लॅब पडला, की दुसऱ्या दिवशी त्यावर लहान लहान आळी बांधून त्यांत पाणी तुंबवून ठेवतात आणि दिवसचे दिवस त्याला पाणी पाजतात. वाळवून जे कठीण करावयाचे, त्याला कोणी पाण्यात का बुडवील? चिखलाच्या भिंतीवर पाणी तुंबवले, तर ती विरघळून जाईल. पुलाचे खांब तर नदीच्या पाण्यात उभे राहूनच अधिकाधिक बळकट होत जातात.

सिमेंट वाळत नाही. ते पाण्याशी एकजीव होते. या क्रियेला जलसंयोग म्हणतात. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र करून प्रचंड भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली, की त्यांचे काळपट खडे बनतात. ते खडे दळून सिमेंट तयार होते. इंग्लंडमधील लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली अशा एका सिमेंटचा परवाना घेतला. पोर्टलंड येथील प्रसिद्ध दगडासारखे ते दिसते, म्हणून त्याने त्याला पोर्टलंड सिमेंट हे नाव दिले. त्याच्या वेळच्या सिमेंटात आणि आजच्या सिमेंटात पुष्कळ अंतर पडले आहे. नाव मात्र टिकून राहिले.

सिमेंटच्या भुकटीचा एकेक कण मिलिमीटरच्या काही शतांशांहून मोठा नसतो. अशा कणाला पाणी लागले, की पहिली काही मिनिटे त्याच्या पृष्ठभागावर मोठी धांदल उडते आणि उष्णता बाहेर पडते. मग ही धांदल एकाएकी मंदावते. पुढचे दोन-तीन तास वरवर पाहता काहीच घडत नाही. माल मऊ राहतो. तो उचलता येतो, पसरता येतो, ठोकता येतो. गवंड्याचे सगळे कसब याच निवांत तासांत चालते. त्यानंतर पुन्हा जोर चढतो. प्रत्येक कणाच्या अंगातून अतिसूक्ष्म तंतू आणि पापुद्रे फुटू लागतात, शेजारच्या कणांच्या तंतूंत गुंततात आणि वाळू-खडीला घट्ट कवटाळून धरतात. मिस्त्री ज्याला 'धरणे' म्हणतो, ते हेच होय. हा शब्द त्याने कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नाही. पण त्याहून नेमका शब्द पुस्तकांनाही सुचला नसता. सिमेंटच्या वजनाच्या जवळजवळ पाव भाग पाणी या विणकामात कायमचे बांधले जाते. ते उन्हाने उडून जात नाही. विणकाम पुढे कितीतरी दिवस चालू राहते. म्हणून काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजण्याची पद्धत आहे, आणि त्यानंतरही ती हळूहळू वाढतच असते.

जरा उष्णता वाढली, की ही सारी क्रिया घाईने होते. वैशाखाच्या उन्हात निवांत तास आखडतात. आधी पडलेला माल पुरता धरला आणि त्याला लागून नंतर नवा माल टाकला, तर जुन्याचे तंतू नव्याच्या तंतूंत गुंतत नाहीत. दोहोंमध्ये एक रेघ राहते. वरून ती दिसतही नाही. पण पहिल्या पावसाळ्यात पाणी नेमकी तीच शोधून काढते. बारा वाजता मिस्त्री बोट खुपसून पाहत होता, तो या रेघेच्या धास्तीने.

बोट खुपसून पाहणे ही काही अडाणीपणाची रीत नव्हे. मोठमोठ्या प्रयोगशाळांतही तेच करतात. फक्त तेथे बोटाऐवजी सुई असते. लुई व्हिका या फ्रेंच अभियंत्याने पूल बांधता बांधता चुन्याचा आणि सिमेंटचा सखोल अभ्यास केला. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर ज्या ७२ शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची नावे कोरली आहेत, त्यांत त्याचेही नाव आहे. त्याच्या नावाचे उपकरण अगदी साधे आहे. ४० मिलिमीटर खोलीच्या साच्यात सिमेंट व पाण्याचा लगदा भरतात. ३०० ग्रॅम वजनाच्या दांड्याला एक बारीक सुई लावलेली असते. ती लगद्यावर टेकवून सोडून देतात. प्रारंभी सुई सरळ तळाला जाऊन टेकते. थोड्या थोड्या वेळाने ती निराळ्या जागी पुन्हा सोडतात. तळापासून सुमारे पाच मिलिमीटरांवर ती अडू लागली, म्हणजे सिमेंट धरू लागले असे समजतात. पुढे वरच्या अंगाला सुईचा नुसता ठसा उमटू लागतो, तेव्हा ते पुरते धरले असे मानतात. आपल्या देशातील नियमाप्रमाणे साध्या सिमेंटला धरावयास प्रारंभ करण्यापूर्वी निदान ३० मिनिटे लागलीच पाहिजेत, आणि ६०० मिनिटांच्या आत ते पुरते धरलेच पाहिजे. फार घाई नको आणि फार उशीरही नको, असे हे दोन काठ आहेत.

गंमत अशी, की भट्टीतून निघालेले ते खडे नुसतेच दळले, तर पहिला काठही सांभाळता येत नाही. सिमेंटात ॲल्युमिनेट नावाचा एक अतिशय उतावळा घटक असतो. पाणी दिसताच तो इतक्या झपाट्याने त्याच्याशी संयोग पावतो, की फावडे हातात घेईपर्यंत माल आवळून जावा. म्हणून दळतानाच त्यात थोडे जिप्सम मिसळतात. जिप्सम या उतावळ्याला विळखा घालून आवरून धरते आणि गवंड्याला उसंत मिळते. अशा आवरणाऱ्या पदार्थाला मंदक म्हणतात. दुकानातून आणलेल्या सिमेंटच्या प्रत्येक गोणीत एक मंदक असा आधीच मुक्कामाला आलेला असतो.

परंतु कधी कधी तेवढी उसंत पुरत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काँक्रीट दूरच्या कारखान्यात कालवून, पोटात गरगर फिरणारे पिंप असलेल्या गाडीतून आणतात. वाटेत रस्ता तुंबला, तर काँक्रीट काही त्यासाठी थांबून राहत नाही. तेलाच्या विहिरी खोदताना सिमेंटचा रस जमिनीखाली काही किलोमीटर पोचवावा लागतो, आणि तेथली उष्णता वैशाखालाही लाजवील अशी असते. अशा वेळी दुसरे मंदक वापरतात. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना जे टाकाऊ द्रव्य उरते, त्यापासून काही मंदक बनतात. लिंबात असते ते सायट्रिक आम्ल, चिंचेत असते ते टार्टारिक आम्ल, हीदेखील सिमेंटला रोखून धरतात. आणि या सगळ्यांत घराघरात मिळणारा मंदक म्हणजे साखर!

साखरेचे प्रमाण ऐकले, की प्रथम विश्वास बसत नाही. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीमागे २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा लहान चमचे, एवढ्याने धरण्याची वेळ सुमारे चार तास पुढे जाते. दोन हजार भाग सिमेंटात एक भाग साखर! चहाच्या कपातही कित्येक जण याहून किती तरी पट गोडी घालून घेतात. साखरेचे कण सिमेंटच्या पृष्ठभागाला आणि नुकत्याच उगवू लागलेल्या त्या सूक्ष्म तंतूंच्या अंकुरांना जाऊन चिकटतात, त्यामुळे अंकुरांची वाढ खुंटते. हळूहळू साखर गुंतून संपते आणि राहिलेले काम पुन्हा सुरू होते. हे नेमके कसे घडते, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. सर्वच साखरांना ही किमया साधत नाही, ही आणखी एक मौज. उसाच्या साखरेचा गुण मोठा. दुधातल्या साखरेचा त्याहून कमी. आणि अळिंबीत आढळणारी ट्रेहॅलोज नावाची साखर गोड असूनही सिमेंटला मुळीच थोपवीत नाही. तेव्हा सारी करामत गोडीची आहे, असे म्हणता येत नाही.

अशा रीतीने बेताने थोपवलेला माल पहिल्या काही दिवसांत थोडा दुबळा असतो. मात्र आठवडा उलटल्यावर तो न थोपवलेल्या मालाची बरोबरी करतो आणि पुष्कळदा त्याहून थोडा सरसही ठरतो.

पण हे बेताने जमले तर. साखरेचे प्रमाण शेकडा पाव ते एक भागापर्यंत गेले, तर सिमेंट जवळजवळ धरतच नाही. आता पन्ह्याचा हिशेब करून पाहावा. एका घमेल्यात अठरा-वीस किलो माल मावतो आणि त्यात सिमेंट असते सुमारे तीन किलो. एका पेल्यात तीस ग्रॅम गूळ धरला, आणि गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो, तर तो सिमेंटच्या शेकडा एक भाग झाला. शिवाय त्यात कैरी. म्हणजे सायट्रिक आम्लाची भर. शिवाय ते पन्हे पडले माल कालवून झाल्यावर! साखर पाण्याबरोबर घालण्याऐवजी माल कालवल्यानंतर दोनएक मिनिटांनी घातली, तर तिचा प्रभाव वाढतो. कारण एरवी तो उतावळा ॲल्युमिनेटच पुष्कळशी साखर गिळून बसतो. सिमेंट बिघडवायचेच असे ठरवून कोणी निघाला असता, तरी याहून चांगला योग त्याला साधता आला नसता.

ते घमेले वर गेले असते, तर चार इंच जाडीच्या स्लॅबमध्ये जवळजवळ फूटभर लांबरुंद तुकडा कच्चा राहिला असता. वरून गिलावा झाल्यावर तो कोणाला ओळखताही आला नसता. मग तेथून पाणी झिरपले असते, आतल्या सळीला गंज चढला असता आणि घरातल्या माणसांना त्याचे कारण कधीच कळले नसते.

आजोबांचे म्हणणेही खोटे नव्हते. जुन्या वाड्यांसाठी चुना घाणीत दळीत आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असे कितीतरी जिन्नस घालीत. परंतु तो चुना निराळ्या रीतीने कठीण होतो. तो हवेतला कार्बन डायॉक्साइड वायू शोषून घेतो आणि हळूहळू, वर्षानुवर्षे, पुन्हा दगड होत जातो. त्याला घाई नव्हती आणि तो बांधणाऱ्यांनाही नव्हती. तेथे गूळ मदतनीस होता. येथे तो अडथळा झाला.

मात्र असा अडथळाच जेथे हवा असतो, अशाही जागा आहेत. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्राच्या तळाखालून सुमारे ५० किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा खणला गेला. तो १९९४ साली सुरू झाला. त्याचे काम चालू असताना काँक्रीटच्या यंत्रांत रोज थोडा माल शिल्लक राही. जमिनीवर असते, तर यंत्रे पाण्याने धुऊन टाकली असती. परंतु समुद्राखालच्या त्या अरुंद भुयारात धुण्याची सोय नव्हती, आणि न धुता ठेवावे, तर आतल्या आत दगड होऊन यंत्रे निकामी व्हावयाची. तेव्हा तेथल्या अभियंत्यांनी उरलेल्या मालात मळी ओतली. साखर कारखान्यांत साखर काढून घेतल्यावर जो काळा, दाट, चिकट रस उरतो, तीच ही मळी. उसाच्या मुलखातील मुलांना तिचा वास चांगला ओळखीचा असतो. त्या मळीतील उरल्यासुरल्या साखरेने सिमेंटला धरूच दिले नाही. भर रस्त्यात मिक्सर बिघडून माल आतच अडकला, तर आजही काही ठिकाणी चालक साखरेची आठवण काढतात, ती याचसाठी.

संध्याकाळी सहाला गावातील तो स्लॅब पुरा झाला. सकाळी त्यावर आळी बांधली गेली आणि पाणी तुंबवले गेले. तिसऱ्या दिवशी मुलगा शिडीने वर चढला आणि स्लॅबच्या कडेवर त्याने एक खिळा टेकवून जोराने दाबला. खिळा सरकला, पण स्लॅबवर नीटसा ओरखडादेखील उठला नाही. मग खाली येऊन त्याने लिंबाखालच्या ढिगात बाभळीची एक काडी खुपसली. काडी निम्म्याहून अधिक आत गेली आणि तिच्या बाजूचा माल भुसभुशीत होऊन ओघळला. त्याने काडी उपसली, चार बोटे सोडून पुन्हा खुपसली. पुन्हा तेच.

मिस्त्री पाण्याची नळी घेऊन निघाला होता. तो थांबला. मुलाच्या हातातली काडी घेऊन त्याने स्वतः एकदा ढिगात खुपसून पाहिली, ती त्याच्या हाती परत दिली आणि स्लॅबला पाणी द्यावयास तो शिडी चढू लागला.